पेशंटबरोबर कोण आहे?

दूध वर येत होतं, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि मुलगी आरशासमोरून हलायला तयार नव्हती, म्हणजे सकाळ अगदी रोजच्या वळणावर होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल नाही, टकटक. तीसुद्धा बोटाच्या पेराने, दाराला लागेल की काय अशा बेताने.

"हळूभाऊ आलेत," मुलगी आरशातूनच म्हणाली.

आमच्या इमारतीत बेल न वाजवणारा माणूस तेवढा एकच. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांचे वडील, दोघेच राहतात. हळूभाऊ ॲम्ब्युलन्सवर कामाला आहेत. गाडी चालवत नाहीत. मागे पेशंटजवळ असतात. घरातून उचलल्यापासून हॉस्पिटलच्या ताब्यात देईपर्यंत पेशंट त्यांचा. बेल वाजवायची ती ड्युटीवर, असं त्यांचं म्हणणं. "ड्युटी नसताना बेलवर बोट ठेवलं की मलाच धडकी भरते, वहिनी. आत कुणाला काय झालंय असं वाटतं."

त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलापुरतं उरलंय. 'हळू' हे त्यांच्या ड्रायव्हरने ठेवलेलं. पुढे ड्रायव्हर सायरन लावून जिवाच्या आकांताने गाडी काढतोय आणि मागे हे महाशय पेशंटला सांगताहेत, "हळू हळू श्वास घ्या, आपल्याला काही घाई नाही." ड्रायव्हर म्हणतो, एकाच गाडीत आमची दोन दुकानं चालतात. आमचं कपाट वर चढवलं तेव्हाही हळूभाऊ त्या कपाटाशी असंच बोलत होते.

दार उघडलं तर हातात माझा डबा. परवा आबांसाठी दिलेला, घासून-पुसून लखलखीत केलेला. डबा परत द्यायला माणूस आला की देतो आणि जातो. हे तो पोटाशी धरून उभे.

"तुमचं सगळ्यांचं आवरू दे," म्हणाले, "मी बसतो."

फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की शर्टाची बटणं वरखाली लागली आहेत. एका टेलरचा मुलगा, आणि गळ्यापाशी एक काज रिकामं. मनात म्हटलं, प्रकरण साधं नाही.

ह्यांना मोजा सापडला. जाता जाता म्हणाले, "काय हळूभाऊ, आज सुट्टी? मग आज कुणी आजारी पडायचं नाही म्हणा की." हळूभाऊ हसले, पण ते हसू ओठांच्या कडेलाच थांबलं. मुलगीही गेली. मी गॅस बंद केला, चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि तो डबा एकदाचा सोडवून घेतला.

"आबा येत नाही म्हणतात," ते म्हणाले.

आबा म्हणजे त्यांचे वडील. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं छोटं टेलरिंगचं दुकान होतं. डोळे थकल्यावर दुकान बंद केलं, पण मशीन घरी आणलं आणि इमारतीतल्या सगळ्यांचे फाटके खिसे आणि मोडक्या चेनी त्यांच्या दारात जायला लागल्या. दोन महिन्यांपूर्वी ते न्हाणीत पडले. डोक्याला खोक पडली, तिचं काही विशेष नाही, टाके घातले आणि भरली. उजवं मनगट मात्र मोडलं. प्लास्टर घातलं, काढलं, आणि हाड वाकडं जुळलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, उघडून सरळ करून आत धातूची पट्टी बसवायला हवी, नाहीतर बोटांची पकड जाईल. कात्री धरता यायची नाही, पुढे पुढे चमचाही. आज सकाळी ॲडमिट व्हायचं होतं. ही तारीख मोठ्या मिनतवारीने मिळालेली. हुकली तर पुढची कधी, ते डॉक्टरही सांगू शकत नव्हते.

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे माझ्याबरोबर येत नाही. एकटा जाईन म्हणतात. आणि एकट्याला ते घेणार नाहीत. ऑपरेशनला पेशंटबरोबर कुणीतरी लागतंच."

हे मला थोडंफार ठाऊक होतं. आबा घरी आल्यापासून त्या घरात बोलणं माझ्यामार्फत चाललं होतं. मी डबा घेऊन गेले की आबा म्हणायचे, "त्याला सांग, नळ गळतोय." आणि 'तो' तिथेच, नळाखाली बादली लावत असायचा. म्हातारपणाची तऱ्हा म्हणून मी सोडून दिलं होतं.

"झालं काय, भाऊ?"

कपातल्या चहाकडे बघत त्यांनी सांगितलं. पण ते समजायला त्यांची कामाची पद्धत ठाऊक हवी, आणि ती मी एकदा जवळून पाहिली होती. माझ्या सासूबाईंना छातीत दुखायला लागलं तेव्हा हेच आले होते.

हॉस्पिटलच्या दारातून स्ट्रेचर आत गेला म्हणजे पेशंट पोचला असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आत खाट रिकामी नसली तर पॅसेजमध्ये भिंतीला लागून थांबायचं. स्ट्रेचर ॲम्ब्युलन्सचा, म्हणून गाडीची माणसंही थांबलेली. सासूबाईंच्या वेळी आमच्या पुढे असे बरेच जण होते, एकामागे एक, जणू स्टेशनवरच्या रांगेत लागलेले. त्या सगळ्या वेळात हळूभाऊ सासूबाईंच्या पायांशी उभे होते. मला वाटलं, डोक्याशी का नाही? तर म्हणाले, "डोक्याशी उभं राहिलं की झोपलेल्या माणसाला आपली नुसती हनुवटी दिसते. पायाशी राहिलं की चेहरा दिसतो."

मग सिस्टर आली आणि हळूभाऊंचा आवाज बदलला. सपाट, भरभर, एकही शब्द फुकट नाही. वय, त्रास केव्हापासून, रक्तदाब किती, गाडीत काय दिलं, आधीचे आजार, चालू गोळ्या. बातम्या सांगितल्यासारखं. आणि अगदी शेवटी, त्याच आवाजात, "यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूने बोला." सगळं सांगून झालं, सासूबाईंना अलगद खाटेवर घेतलं, सही झाली, की ते स्ट्रेचर घेऊन निघाले. मागे वळून पाहिलं नाही. मला जरा लागलंच होतं तेव्हा. नंतर त्यांनीच सांगितलं, गाडीवरच्या जुन्या माणसाने त्यांना पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ती: ताब्यात दिलं की वळायचं नाही. आपण वळून पाहिलं की पेशंटला वाटतं, आपल्याला सोडून चाललेत. सरळ गेलं की वाटतं, आता इथल्यांनी घेतलं.

"त्या दिवशी आबा पडले तेव्हा मी ड्युटीवर होतो," हळूभाऊ सांगत होते. "समोरच्यांनी फोन केला. पत्ता आला तो आमचाच. ड्रायव्हर काही बोलला नाही, नुसती गाडी वळवली. आबांना उचललं, जखम बांधली, हाताला फळी लावली. सगळं नेहमीसारखं. पॅसेजमध्ये थांबलो. सलाईनची बाटली धरायची होती म्हणून मी डोक्याशी उभा."

"हनुवटी," मी म्हटलं.

"हनुवटी. मग सिस्टर आली. मी सांगितलं: पुरुष, वय अठ्ठ्याहत्तर, घरात घसरून पडलेत, डोक्याला जखम, पूर्ण शुद्धीत, उजवं मनगट बहुधा मोडलंय, रक्तदाबाची गोळी चालू. आबांना खाटेवर घेतलं. सही झाली. आणि मी स्ट्रेचर घेऊन निघालो."

मी डबा ओट्यावर ठेवला.

"बाहेर येऊन स्ट्रेचर पुसला. नवी चादर घातली. पट्टे गुंडाळून ठेवले. ड्रायव्हर माझ्याकडे बघतच होता. म्हणाला, अरे, तू कुठे चाललास? मला कळेचना काय विचारतोय. मी म्हटलं, पुढचा कॉल कुठला? तो म्हणाला, तुझा बाप आत आहे ना रे."

चहावर साय धरली होती. ती त्यांनी बोटाने बाजूला केली, पण चहा प्यायले नाहीत.

"धावत आत गेलो. तोवर सिस्टरने पॅसेजमध्ये येऊन विचारलं होतं, पेशंटबरोबर कोण आहे? पुन्हा पुन्हा विचारलं होतं म्हणे. आबा आतून ऐकत होते. कुणी हो म्हटलं नाही. शेवटी आबाच म्हणाले, कुणी नाही."

एवढं बोलून ते उठले, कप स्वतःच विसळला आणि उपडा घातला. "तुमचं ऐकतात ते," म्हणाले. "नुसतं चला म्हणा. मी टॅक्सीत पुढे बसेन, हवं तर."

आम्ही खाली गेलो. आबा मशीनशेजारच्या खुर्चीत बसले होते. मशीनवर चादर घातलेली, वर त्यांचा चष्मा. दाढी झालेली. वाकडं मनगट मांडीवर ठेवलेलं, एखाद्याने सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखं. मुलगा माझ्यामागून आला, ते त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही.

"वकील आणलाय वाटतं," ते मला म्हणाले.

"वकील फी घेतो, आबा. मी फुकट आलेय."

"मग केस कच्ची असणार."

मी पलंगाच्या कडेला बसले. हळूभाऊ दारातच राहिले, चौकटीला टेकून. समोर खुंटीवर आबांचा पांढरा शर्ट टांगलेला होता आणि माझी नजर त्याच्या उजव्या बाहीवर अडकली. बाहीची शिवण मनगटापासून काखेपर्यंत उसवलेली होती आणि दोन्ही कडांना कापडाचे बंद लावले होते. पट्ट्या-फळ्या बांधलेल्या हातावर घालता येईल असा केलेला शर्ट. टाके मात्र वेडेवाकडे, पहिलीतल्या मुलाच्या अक्षरासारखे. डाव्या हाताने घातलेले.

"ही बाही कुणी उसवली, आबा?"

"उंदरांनी."

"उंदरांनी बंदही शिवले?"

"शिकलेले उंदीर आहेत." मग म्हणाले, "मी जाणार नाही असं कुठे म्हटलं? जाणारच आहे. एकटा जाणार. मला सवय आहे. मागच्या वेळीही एकटाच होतो."

मलाच बोलायला हवं होतं, आणि मी वकिली सुरू केली. म्हटलं, आबा, ते कामावर होते. कामावर माणसाची जीभही कामाचीच होते. तुम्हीच आठवा. दुकानात तुम्ही गिऱ्हाइकांना काय म्हणायचात? मी स्वतः ऐकलंय. "तो बेचाळीस छाती येऊन गेला का? त्या उतरत्या खांद्याची पँट झाली का?" एवढा मोठा हेडमास्तर, पण तुमच्या दुकानात त्याचं नाव 'पोक'. तेव्हा त्या माणसांना वाईट नसेल वाटलं?

आबा हसले. मला वाटलं, केस जिंकली.

"खरं आहे," ते म्हणाले. "सगळ्यांना मापानेच ओळखायचो. टेप गळ्यात पडली की समोर माणूस नाही, छाती, कंबर, बाही. त्यात काही चूक नाही. तसं केलं नाही तर कापड वाया जातं." त्यांनी डाव्या हाताने मांडीवरचा उजवा हात जरा सरळ केला. "पण पोरी, ह्याच्या आईला मी आयुष्यात टेप लावली नाही. तिचे सगळे कपडे मी शिवले, नुसत्या नजरेने. ह्याचेही. शाळेच्या पहिल्या गणवेशापासून. मला शिवण शिकवणाऱ्या गुरुजींनी सांगितलं होतं, घरच्या माणसाला टेप लावायची नाही. एक वेळ सैल होईल, एक वेळ आखूड होईल. होऊ दे. पण टेप नाही."

माझी वकिली तिथेच संपली.

"तिथे उताणा पडलो होतो," आबा माझ्याकडे बघून बोलत होते, पण ते माझ्यासाठी नव्हतं. "वरून ह्याचा आवाज येतोय. पुरुष, वय अमुक, जखम, मनगट. मी वाट बघत होतो, आता म्हणेल माझे वडील. सगळ्यात शेवटी तरी म्हणेल. दुसऱ्यांच्या वेळी म्हणे शेवटी एक काहीतरी सांगतो हा. कान, चष्मा, काय ते. माझं काही सांगितलं नाही. गेला."

हळूभाऊ चौकटीपासून सुटले आणि दोन पावलं आत आले.

"आबा," ते म्हणाले, "शेवटचं मला सुचलंच नाही. सुचलं असतं तर तुमचंच काहीतरी बोलायला लागलं असतं. म्हणजे, उजवा हात कात्रीचा आहे, असं. आणि तेवढं बोलायला गेलो असतो तर पुढे मला बोलता आलं नसतं. गाडीत माझे हात कापत होते. तुम्हाला दिसू नये म्हणून मांडीखाली घेऊन बसलो होतो. टेप लावली म्हणून निभावलं. आणि मग ती गळ्यातच राहिली. काढायची विसरलो."

दोन महिन्यांत त्या दोघांमधलं, माझ्यावाचून झालेलं, हे पहिलंच बोलणं असावं. आबांनी मुलाकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग खाली, शर्टाकडे.

"बटणं बघ," ते म्हणाले. "लोक म्हणतील टेलरचा मुलगा आहे."

हळूभाऊंनी खाली पाहिलं आणि बटणं सोडून नीट लावायला लागले. आबा खुर्चीतूनच सूचना देत होते, "वरून नको, खालून सुरू कर. खालून केलं की चुकत नाही."

मग त्यांनी उसवलेल्या शर्टाकडे मान केली. हळूभाऊंनी तो खुंटीवरून काढला. आधी आबांची डावी बाही घातली, मग उजवा हात मांडीवरून तळव्यावर तोलून घेतला. उघडी बाही त्याच्याभोवती गुंडाळली आणि एकेक बंद बांधायला लागले. "हळू," ते स्वतःशीच म्हणत होते, "हळू." लग्न न झालेला, एकटा पुरुष वडिलांना असे कपडे घालताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला उगाच खिडकीबाहेर काहीतरी बघावंसं वाटलं. आबा एरवी मुलाच्या लग्नावरून चेष्टा करायचे, माप घेऊन ठेवलंय, गिऱ्हाईकच येत नाही म्हणायचे. आज मुकाट्याने बसले होते.

शेवटचा बंद बांधताना हळूभाऊ थांबले. टाके बघत होते.

"वाईट शिवलेत ना?" आबा म्हणाले.

"सैल आहेत जरा."

"होऊ दे."

पलंगाखालून पिशवी ओढली तर ती भरलेलीच होती. टॉवेल, पेला, गोळ्या, दुसरा चष्मा. उंदरांनी सगळी तयारी केली होती. मी आबांच्या चपला पुढे सरकवल्या. त्यांनी पाय घातले, पण उठले नाहीत.

"आणि तिथे सिस्टरने विचारलं," ते म्हणाले, "पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी आहे," हळूभाऊ म्हणाले.

"तू असशील. पण तुझं ते भाषण सुरू होईल. त्या सगळ्या सिस्टर ओळखतात तुला. तुझ्याच तोंडाकडे बघतील. पुरुष, वय अठ्ठ्याहत्तर."

"वय सांगावंच लागेल, आबा."

"सांगावं लागेल ते ठाऊक आहे मला. मापाशिवाय ऑपरेशन कसं होईल? मी म्हणतोय ते कुणी सांगायचं."

हळूभाऊंनी पिशवी खांद्याला लावली. एक हात आबांच्या काखेखाली घातला, उठवलं, आणि उठवल्यावरही हात तसाच राहू दिला. सवयीने ते आबांच्या मागे उभे राहिले होते. ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते वळसा घालून पुढे आले, समोर, आबांना चेहरा दिसेल असे. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ह्या माणसाने माझ्याकडे एक वाटी साखरही मागितली नव्हती.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही आमच्याबरोबर येता का? वय, कधी पडले, गोळ्या कुठल्या, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तेवढं सिस्टरला तुम्ही सांगा. मी नुसता ह्यांचा हात धरून उभा राहतो."